बऱ्हाणपूरच्या कुंड्या

"बऱ्हाणपूरला कुंड्या पाहायला जातो आहे," असे मी घरात सांगितले तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखे कुणाला काहीच दिसले नाही. "येताना दोन घेऊनही या," सौभाग्यवती म्हणाल्या, "पण मातीच्या आणा, प्लॅस्टिकच्या नकोत." मी बरे म्हटले आणि पिशवी उचलली. ज्या कुंड्या पाहायला मी निघालो होतो त्या ऐंशी फूट खोल आहेत, चारशे वर्षांच्या आहेत, आणि त्यांत काही लावायचेच झाले तर माडाखेरीज दुसरे झाड शोभणार नाही, हे समजावत बसलो असतो तर गाडी चुकली असती.

शिवाय कुंड्या हे अर्धेच कारण होते. उरलेले अर्धे सांगायला तोंड उघडत नव्हते. आठ दिवसांपूर्वी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला होता. आमचे गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून दहाएक किलोमीटरवर. केळीचा मुलूख. भाऊ म्हणाला, "दादा, ट्यूबवेल बसली. सहाशे फुटांवर हवा ओढू राह्यली. साडेसातशेपर्यंत न्यावी लागेल. तुझा हिस्सा पाठवशील ना?" उभी बाग, वैशाखाचे ऊन, घड निसवलेले. नाही म्हणण्यासारखे काय होते? पण मी "चार दिवसांनी सांगतो" म्हटले. भाऊ गप्प झाला. आमच्या घरात पाण्याच्या बाबतीत मी एकदा फार लवकर सांगून बसलो होतो, हे त्यालाही ठाऊक आहे.

भुसावळला गाडी बदलली आणि डावीकडची खिडकी धरली. सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा. एका बाजूला हिरवीगार केळी आणि तिच्यामागे पुसट निळा सातपुडा. ज्याने हा प्रदेश प्रथमच पाहिला तो म्हणेल, काय पाणी आहे इथे! पाणी आहे म्हणून केळी आहे, असाच कुणाचाही समज होईल. मी लहानपणी याच बागांतून पाटाचे पाणी तुडवत शाळेला गेलो आहे आणि तेव्हा तो समज खराही होता.

इथल्या जमिनीची घडण महाराष्ट्रापेक्षा निराळी आहे. आपल्याकडे, म्हणजे देशावर, वर चार हात माती, मग मुरूम आणि खाली काळा कातळ. पाणी राहायचे ते कातळाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांधीत. भेग सापडली तर विहीर लागते, नाही तर पाणाड्याचा नारळ फुकट जातो. तापीच्या खोऱ्यात मात्र हजारो वर्षे गाळ साचत गेला आहे; वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू, असे शेकडो फूट जाडीचे थर. आणि सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, डोंगरातल्या नद्यांनी लोटून आणलेल्या दगडगोट्यांचा लांबच लांब पट्टा. भूशास्त्राचे लोक त्याला बझाडा म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ उतार. आमची सुकी नदी डोंगरातून खळाळत उतरते आणि या गोट्यांत शिरली की दिसेनाशी होऊ लागते. नदीचे नाव ठेवणारा पूर्वज जाणकार असला पाहिजे. पाणी नाहीसे होत नाही; गोट्यांच्या फटींतून खाली जाते आणि वाळूच्या थरांतून सावकाश तापीकडे चालू लागते. पायथ्याचा हा पट्टा म्हणजे साऱ्या रावेर-यावलच्या विहिरींचे तोंड. खाणे तिथे, पोट इथे.

त्या पोटात आमच्या शेजारच्या बापूंची विहीर होती. आठ परस खोल, म्हणजे पन्नासएक फूट, चिरेबंदी बांधलेली. मी अगदी लहान असताना तिच्यावर मोट चालत असे. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा करकरायचा, मोट वर यायची आणि थाळोळ्यात भदाभदा पाणी ओतले जायचे. बापूंचा मधला आणि मी त्या थाळोळ्यात बसून अंघोळ करीत असू. त्याला घरात सगळे 'मधला'च म्हणत. अजूनही मी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. बापूंच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात दोन परस खाली जायचे, पण तळ कधी कुणी पाहिला नव्हता.

१९८७ साली आमच्या नानांनी ट्यूबवेल घेतली. दोनशे वीस फूट. बापूंच्या विहिरीपासून दोनशे पावलांवर. पाण्याची धार मांडीएवढी पडली. नानांनी पेढे वाटले, पहिला पेढा बापूंच्या हातावर ठेवला. पुढच्या वर्षी चैत्रात बापू एके सकाळी आमच्या ओट्यावर आले. हातात बादली आणि खांद्यावर दोर. बादली उपडी करून त्यांनी ओट्यावर ठेवली.

"नाना, बादली कोरडी आली."

नाना म्हणाले, "बापू, पाऊसच झाला नाही गेल्या साली."

ते खोटे नव्हते. १९८७ चा दुष्काळ साऱ्या देशाला आठवतो. बापू काही बोलले नाहीत. मग नानांनी माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा पुण्याला शिकत होतो. भूशास्त्राची दोन पुस्तके वाचलेली होती, आणि दोन पुस्तके वाचलेल्या माणसाइतका खात्रीचा माणूस जगात नसतो. "सांग रे बापूंना, तू शिकतोस," नाना म्हणाले. आणि मी सांगितले. खालचे पाणी निराळे, वरचे निराळे. मध्ये चिकणमातीचा थर आहे, तो पाणी सोडत नाही. आमची ट्यूबवेल खालच्या थरातली, तुमची विहीर वरच्या थरातली. दोहोंचा संबंध नाही. मी ओट्यावर खडूने आकृतीसुद्धा काढली. बापूंनी ती नीट पाहिली. "शिकलेला आहे पोरगा," म्हणाले, बादली उचलली आणि गेले. दोन वर्षांत त्यांनी शेत विकले. ते आम्हीच घेतले.

मधला बऱ्हाणपूरला गेला. तिथे यंत्रमागांचे मोठे गाव आहे. एका कारखान्यात लागला, पुढे स्वतःचे चार माग घातले. त्याला पस्तीस वर्षांत मी भेटलो नव्हतो.

बऱ्हाणपूरचे स्टेशन लालबागेत आहे, शहरापासून जरा अंतरावर. मधला फलाटावर उभा होता. केस पांढरे, पण उभे राहण्याची ढब तीच, एक पाय दुसऱ्यावर टेकलेला. "आलास का रे," म्हणाला, जणू मी कालच गेलो होतो. मी बोलायला तोंड उघडले तर म्हणाला, "आधी कुंड्या पाह्य. ऊन चढलं की पाळण्यावाला जेवायला जातो."

लालबागेच्या बाहेर, शेताडीत, जमिनीवर दगडी कट्टे दिसू लागतात. गोल, विहिरीच्या काठासारखे, एकामागून एक, एका रांगेत. अशा शंभराच्या वर कुंड्या आहेत. वरून पाहिले तर कुणीतरी एकाच रांगेत विहिरी का खोदाव्यात ते कळत नाही. मर्म खाली आहे. या सगळ्या कुंड्या तळाशी एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. लोक याला कुंडी भंडारा म्हणतात, कुणी खुनी भंडाराही म्हणतात.

हे काम १६१५ चे. जहांगीर बादशहाचे दिवस. बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचा दरवाजा. इथे सुभेदार होता अब्दुर्रहीम खानखानान, ज्याचे दोहे आपण शाळेत घोकले तोच रहीम. छावणीला आणि शहराला पाणी हवे होते. शहराच्या अंगाखालून तापी वाहते, पण शत्रूने नदीत विष कालवले तर काय, ही धास्ती होती असे सांगतात. तेव्हा एका इराणी जाणकाराने सातपुड्याकडून तापीकडे चाललेले जमिनीतले पाणी हेरले आणि त्याला वाटेतच अडवून शहराकडे वळवले. या जाणकाराचे नाव तबकुतुल अर्ज असे देतात. त्या शब्दांचा अर्थ 'जमिनीचे थर' असा होतो; म्हणून हे त्या माणसाचे नाव की त्याच्या विद्येचे, अशी मला आपली शंका आहे. त्याने असे आठ भंडारे केले. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावे. चिंताहरण हे नाव मला फार आवडले.

गंमत अशी की याच सुमारास दक्षिणेला, पुढे औरंगाबाद म्हणून गाजलेल्या खडकी गावात मलिक अंबर हेच करीत होता. नहर-ए-अंबरी ती हीच विद्या. खानखानान आणि मलिक अंबर एकमेकांशी लढत होते आणि दोघेही आपापल्या गावाला इराणी पद्धतीने पाणी पाजीत होते. तलवारीच्या बाबतीत त्यांचे पटले नाही, पाण्याच्या बाबतीत मात्र मतभेद नव्हता.

एका कुंडीत लोखंडी पाळणा बसवला आहे. मी गेलो तेव्हा तो सुदैवाने चालू होता. मधला, मी आणि पाळण्यावाला असे तिघे आत उभे राहिलो आणि कुरकुरत खाली निघालो. वर बेचाळीस अंशांचे ऊन. वीस फुटांवर ते अंगावरून उतरले, चाळीस फुटांवर घाम सुकला आणि तळाशी पोचलो तेव्हा माघातल्या पहाटेसारखा गारवा. पायजमे गुडघ्यापर्यंत वळून पाण्यात पाय टाकले. पाणी पोटरीपर्यंत, नितळ आणि चालते! हे मला अपेक्षित असूनही दचकायला झाले. विहिरीचे पाणी उभे असते; हे पायाला ढकलत होते, अगदी हलके, मांजराने अंग घासावे तसे.

बोगदा माणूस वाकून जाईल एवढा. भिंती पांढऱ्या, पाण्यातली चुनखडी चारशे वर्षे साचत गेली आहे, जागोजागी तिचे थर मेणासारखे ओघळले आहेत. कुठे वाट इतकी चिंचोळी झाली आहे की आडवे व्हावे लागते. कान दिला तर टप् टप् असा आवाज येतो. भिंतींतून, छतातून पाणी पाझरत असते. दर थोड्या अंतरावर वरून एका कुंडीचा उजेड थाळीएवढा पडलेला, मग अंधार, मग पुन्हा थाळी.

युक्ती अशी. जमीन डोंगराकडून तापीकडे उतरते. जमिनीतल्या पाण्याची पातळीही उतरते. बोगदा खोदायचा तो या पाण्याच्या पातळीच्या खाली शिरेल असा, पण त्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा. म्हणजे पाणी पाझरून त्यात येते, आपल्या वजनाने वाहते आणि चारेक किलोमीटर चालून शहराजवळ जाली करंज नावाच्या हौदात वर येते. वर येते म्हणणे चूकच. जमीनच खाली येऊन त्याला भेटते. रहाट नाही, मोट नाही, बैल नाही. कुंड्या आहेत त्या हवेसाठी, उजेडासाठी आणि गाळ काढायला उतरण्यासाठी.

पण खरी गोष्ट मला पाण्यात उभे राहून सुचली. बोगदा पाणी ओढत नाही. पातळीच्या वर जेवढे पाणी भरून येईल तेवढेच तो घेतो. पाऊस चांगला झाला, पाणी चढले, की प्रवाह वाढतो. पाणी उतरले की प्रवाह आपोआप कमी होतो. पातळी बोगद्याच्या तळाखाली गेली की तो मुकाट्याने थांबतो. आजवर कुठल्याही बोगद्याने पाण्याचा पाठलाग करून आणखी खाली जायचे ठरवले नाही. ट्यूबवेल तशी नाही. तिच्यात पंप सोडला की नळीभोवतीचे पाणी खचते, नरसाळ्यासारखा खड्डा पडतो, आणि जितका उपसा जास्त तितके त्या नरसाळ्याचे तोंड रुंद. दोनशे पावलांवरची विहीर त्या तोंडात येते. ती वरच्या थरात असली तरी येते. कारण गाळातले चिकणमातीचे थर हे तव्यासारखे अखंड नसतात, फाटक्या गोधडीसारखे असतात. इथे आहे, तिथे नाही. आणि ट्यूबवेलची जाळीची नळी वाटेतल्या वाळूच्या प्रत्येक थराला लागलेली असते.

हे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात होते.

"मधल्या," मी म्हणालो. आवाज बोगद्यात घुमला. "त्या दिवशी मी बापूंना जे सांगितलं, ते चूक होतं. विहीर आमच्या ट्यूबवेलनं आटली. पाऊस कमी होता हे खरं, पण नुसत्या पावसानं ती तळाला गेली नसती."

तो पुढे होता. वळला नाही. "मला ठाव आहे," म्हणाला. "बापालाही ठाव व्हतं."

"मग बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? तू खडूनं काढून दाखवलं. त्याच्यापाशी खडू नव्हता."

पाळण्यावाल्याने "चलिए साहब" म्हटले म्हणून बरे झाले.

कायदा विचाराल तर नानांच्या बाजूचा होता. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा असे सांगतो की ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे, आपल्या जमिनीखालचे पाणी मालकाने खुशाल घ्यावे. १९९३ साली महाराष्ट्रात कायदा आला त्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरांत नवी विहीर खणायला बंदी केली. पण बापूंची विहीर सार्वजनिक नव्हती आणि तोवर बापूही नव्हते.

वर येऊन आम्ही एका चहाच्या टपरीवर बसलो. मधल्याने गावातून आणवलेली मावा जिलेबी पुड्यात होती; काळसर, जड, इथली खासियत. खाताना त्याने सहज विचारले, "किती खोल गेलं आता तुमचं?" मी सहाशे म्हणालो. तो हसला नाही. बऱ्हाणपूरकडेही तेच चालले आहे, म्हणाला. केळी इकडेही तेवढीच, ट्यूबवेली तेवढ्याच, आणि भंडाऱ्याचे पाणी त्याने आल्या दिवसापासून उतरतानाच पाहिले आहे. २०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. रावेर-यावलचे नाव भूजलाच्या अतिउपशाच्या सरकारी यादीत कधीचेच आलेले आहे. यादीत दोन्ही गावे आहेत म्हणायची!

पाणी जमिनीत किती वेगाने चालते याचा हिशेब फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या एका इंजिनियराने घालून दिला. आँरी दार्सी त्याचे नाव. शहराच्या कारंज्यांचे काम त्याच्याकडे होते. वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून त्याने पाणी सोडून पाहिले आणि १८५६ साली नियम छापला: उतार जितका जास्त आणि वाळू जितकी मोकळी तितके पाणी जलद. पण या जलदपणावर जाऊ नका. वाळूच्या थरात पाण्याने दिवसाकाठी अर्धा मीटर चाल केली तरी ते चपळ म्हणायचे. खोल थरांत त्याहून कितीतरी मंद. टपरीवरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मी गणित मांडले. पायथा ते आमचे शेत दहा किलोमीटर. दिवसाला अर्धा मीटर धरले तर वीस हजार दिवस. म्हणजे पंचावन्न वर्षे. नानांच्या ट्यूबवेलमधून १९८७ साली पेढे वाटण्याइतके जे पाणी आले, ते या हिशेबाने १९३२ च्या सुमारास सातपुड्याच्या गोट्यांत मुरलेले. नाना तेव्हा पाळण्यात होते. आणि आता साडेसातशे फुटांवर जे मिळेल ते कुणाच्या पाळण्यातले, हे दार्सीलाच विचारावे लागेल. मधल्याने कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे यंदाचा पाऊस तुझ्या नातवाला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मिळाला तर."

दोन्ही राज्यांनी २०२५ च्या मे महिन्यात तापीच्या पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याला नेऊन त्या दगडगोट्यांत जिरवण्याचा करार केला आहे. कल्पना उत्तम आहे. जिथे नदी आपण होऊन मुरते तिथेच तिला आणखी मुरू द्यायचे. कालवे व्हायला किती वर्षे लागतील ते मी मधल्याला विचारले नाही आणि त्यानेही मला विचारले नाही. आम्ही दोघेही साठीच्या पलीकडे आहोत.

निघताना तो म्हणाला, "विहीर आहे का रे अजून?"

"आहे."

"बुजवली नाही?"

मी गप्प राहिलो. भाऊ गेली काही वर्षे केळीची खुंटे आणि पाचोळा तिच्यातच टाकतो आहे, हे मला माहीत होते. "थोडीशी," मी म्हणालो.

"उपसून काढा," तो म्हणाला. जिलेबीचा पुडा त्याने माझ्या पिशवीत घातला. रिकामी पिशवी पाहून त्याला काय वाटले कुणास ठाऊक.

परतीच्या वाटेवर मी रावेरला उतरलो. भावाशी दोन दिवस बोललो. खरे सांगायचे तर ट्यूबवेल साडेसातशेवर गेलीच आणि माझा हिस्सा मी दिला. निसवलेली बाग डोळ्यांदेखत वाळू देण्याइतका मी खंबीर नाही आणि शहाणपण भावाच्या कर्जावर करणे मला जमले नाही. मी एकच अट घातली. ज्येष्ठात दोन गडी लावून बापूंची विहीर साफ केली. अकरा ट्रॉल्या घाण निघाली, तिच्याबरोबर थाळोळ्याचा एक फुटका चिराही. बांधावरचे ओहोळाचे पाणी आधी एका खड्ड्यात, मग गोटे, खडी आणि वाळू यांतून गाळून विहिरीत सोडले. पाऊस बरा झाला. श्रावणात पाणी धो धो आत पडत होते. भाऊ छत्री धरून उभा राहून पाहत होता.

आश्विनात मी गेलो तेव्हा विहिरीत पाणी दिसत नव्हते. एवढे पाणी गेले कुठे, असे भाऊ मला विचारीत होता. जिथे जायचे तिथे गेले, खाली, असे मी म्हणालो खरे. पण भावाच्या तोंडाकडे पाहून खडू मात्र शोधला नाही. आम्ही दोराला दगड बांधून खाली सोडला. टेकला. वर ओढला तर दोराचे टोक हातभर ओले आले होते, काळ्या चिखलाने माखलेले.

तिथूनच मधल्याला फोन लावला.

"किती?" त्याने विचारले.

"हातभर. चिखलच आहे."

मागे माग चालू होते. त्यांच्या खडखडाटात त्याचा आवाज नीट येईना. "आत उतरून काठाचा वास घेतला का?" असे काहीसे तो विचारीत होता. बापू पाणी लागणार की नाही ते तसे ओळखत, म्हणे. मला हे ठाऊक नव्हते. भावाने कंबरेला दोर बांधला आणि मी वर धरून उभा राहिलो.